तुझे देव लख्ख झाले, दिगंबर

शोकसभेत मी बोललो नाही. ज्यांना बोलायचे होते ते बोलले. तुझा जन्म, तुझी शाळा, तिथे चित्रकला शिकवण्यात गेलेली तुझी वर्षे, निवृत्तीनंतर लोकांच्या घरातून नकोशा झालेल्या पितळी मूर्ती तू कशा गोळा केल्यास, हे सर्व यथासांग सांगून झाले. एका वक्त्याने तुला 'थोर संग्राहक' म्हटले. तू असतास तर म्हणाला असतास, "संग्राहक तर भंगारवालाही असतो." मी मागच्या रांगेत बसलो होतो. मला जे सांगायचे होते ते सभेत सांगण्याजोगे नव्हते. ते तुझ्याविरुद्ध आहे.

तुझे देव लख्ख झाले आहेत, दिगंबर.

कपाटातले सगळे. विठोबा, गजलक्ष्मी, रांगता बाळकृष्ण, अर्नाळ्याच्या जनाबाईचा खंडोबा, आणि आमची अन्नपूर्णा. सुतक फिटल्यावर तुझ्या बहिणीने, कुसुमताईंनी, घर धुतले. आणि घर धुतले की देव घासायचे असतात, म्हणून देव घासले. चिंचेने आणि रांगोळीने. इमारतीतल्या दोघी शेजारणी मदतीला आल्या होत्या. तुझे कपाट आता सराफाच्या दुकानासारखे दिसते. ज्याची तू इतकी वर्षे धास्ती घेतलीस ते व्हायला तुझ्या जाण्यानंतर पंधरवडाही लागला नाही.

चिंच माझ्या परसातल्या झाडाची होती. दर उन्हाळ्यात पिशवीभर मीच पाठवतो. आमटीसाठी.

आपला वाद मी पुन्हा एकदा मांडतो. आता मध्ये तोंड घालायला तू नाहीस, त्यामुळे तो सरळ मांडता येईल.

मी वजनमापे खात्यात नोकरी केली. पितळेची वजने तपासण्यात माझी उमर गेली. वजनावर मळ चढला की ते खोटे बोलते. झिजले तरी खोटे बोलते. मळलेले धुवावे, झिजलेले बाद करावे. देवांच्या बाबतीत माझे मत याहून निराळे नव्हते. पूजेतला देव स्वच्छ हवा. नाकडोळे झिजून गेले की त्याला सन्मानाने पाण्यात सोडावे आणि नवा आणावा. आपल्या वाडवडिलांनी हेच केले. तू मात्र पूजाही करत नव्हतास आणि विसर्जनही करू देत नव्हतास. कपाट होते, कपाटासमोर खुर्ची होती, आणि खुर्चीत तू.

तुझी तऱ्हा मी पुष्कळदा पाहिली. कोमट पाण्यात रिठे भिजवायचास. जलरंगाचा जुना कुंचला घेऊन मूर्तीच्या घडीघडीतली धूळ काढायचास: कानामागची, पायाच्या बोटांमधली, विठोबाच्या कमरेवरच्या हातांच्या आतली. मग जुन्या धोतराच्या तुकड्याने टिपून मूर्ती खिडकीच्या सावलीत ठेवायचास. "आपली हवा खारी आहे, साहेब. घडीत थेंबभर ओल राहिली तरी हिरवं धरतं." शेवटी तळहातावर खोबरेल तेल चोळायचास, ते जवळजवळ पुसून टाकायचास, आणि तो हात मूर्तीवरून फिरवायचास. तेल हाताला, मूर्तीला फक्त हात. चिंचेचे नाव काढले की तू तोंड वाकडे करायचास. म्हणायचास, "आंबट खाऊन माझं तोंड असं होतं, तर देवीचं काय होत असेल?"

एकदा दुपार कलताना तू तो बाळकृष्ण खिडकीच्या कडेला धरलास. मूर्ती काळसर तपकिरी, गुळाच्या पाकासारखी. मला त्यात काही दिसेना. तू ती थोडी वळवलीस आणि उजेड तिरपा पडला. गालाची कड उठली, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू आले. आले असेच म्हणावे लागेल. आधी ते नव्हते.

"दिसलं?"

"नाक नाही," मी म्हणालो. "बाद."

"नाक कुणी नेलं, माहितेय? कुणाच्या तरी आईनं. रोज आंघोळ घालताना, थोडं थोडं."

"म्हणजे घासल्यानेच गेले ना? मग त्या आईचे कौतुक आणि चिंचेला शिव्या, असे कसे चालेल? एक काय ते ठरव."

तू चहा टाकायला उठलास. चहा आला, उत्तर आले नाही. नंतरही कधी आले नाही.

आता अन्नपूर्णेविषयी.

ती माझ्या पत्नीची. लग्नात गौरीहर पुजताना तिच्या आईने तिला दिली, आणि मूर्ती घेऊन ती आमच्या आगाशी गावच्या घरात आली. मूठभर उंची, घातलेली मांडी, मांडीवर आडवी धरलेली पळी. तांदळाच्या वाटीत बसवलेली. दर शुक्रवारी माझी पत्नी तिला चिंचेने घाशी, आणि अनामिकेने कुंकू लावी. मग आजारपण आले आणि घासणे सुटले. कुंकू मात्र सुटले नाही. वाटी ती अंथरुणापाशी मागवून घेई आणि आदल्या कुंकवावरच नवे कुंकू लावी. थरावर थर चढले. गळ्याच्या घडीत, पळीच्या खळग्यात, बोटांच्या मधल्या फटीत ते घट्ट बसले. मी पाहत होतो. आजारी माणसाला काय बोलायचे, म्हणून बोललो नाही.

पत्नीचे तेरावे झाल्यावर मी चिंच भिजत घातली. मूर्ती घासून तळ्यात सोडणार होतो. आमच्या मुलीला तिच्या लग्नात तिची स्वतःची अन्नपूर्णा मिळाली होती. ही तिला नको होती. तेवढ्यात तू आलास.

"काय चाललंय?"

"दिसत नाही? देव घासतोय."

"हे कुंकू कुणी लावलंय?"

"कुणी म्हणजे? तिनेच."

"मग घासतोयस काय तू?"

"मळ," मी म्हणालो.

तू माझ्या ओल्या हातातून मूर्ती काढून घेतलीस आणि खिशातल्या रुमालात गुंडाळलीस. दारात वळून म्हणालास, "साहेब, शिव्या घालायच्या असतील तर उद्या घाल. आज जमायच्या नाहीत तुला." आणि गेलास. दुसऱ्याच्या घरातला देव उचलून नेण्याचा तुला काहीही अधिकार नव्हता. मी बरेच दिवस तुझ्याशी बोललो नाही.

पुढे पुन्हा तुझ्याकडे येऊ लागलो. अन्नपूर्णा तुझ्या कपाटाच्या मधल्या फळीवर होती, होती तशी, कुंकवासकट. मी तिचा विषय काढला नाही. तूही काढला नाहीस. पण माझी खुर्ची तू नेहमी एकाच जागी मांडायचास. बसले की नजर मधल्या फळीवर जाई. कधी ताई झाडलोट करताना ती खुर्ची सरकवत, तर मी जोडे काढेपर्यंत तू ती पुन्हा जागेवर आणलेली असे. मग आपण वाद घालायचो. देव लख्ख हवेत, असे मी मोठ्याने म्हणायचो, स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. म्हणताना कुठे पाहत असे, ते तुला ठाऊक होते.

त्या खुर्चीबद्दल मी कधी काही म्हणालो नाही. ती योग्य जागी होती. एवढेच म्हणतो.

तू गेलास तेव्हा घरात सर्वांना सुतक. देवांना पाणी घालायला परक्या गोत्राचा माणूस हवा, म्हणून ताईंनी मला बोलावले. मी रोज सकाळी आगाशीहून रिक्षा करून बोळिंजला येत होतो. ताईंच्या देव्हाऱ्यातल्या देवांना आंघोळ घातली. तुझ्या कपाटातल्यांना घातली नाही. प्रत्येकासमोर एक फूल ठेवले आणि दार लावले. तू पाहिले असतेस तर त्यावरून मला वर्षभर छळले असतेस.

त्या दिवसांत अन्नपूर्णा रोज माझ्या हाताच्या अंतरावर होती. खिशात रुमालही होता. उचलून न्यायला कोणी अडवले नसते. पण सुतकाच्या घरातून काही उचलू नये. हा नियम मी लहानपणापासून पाळत आलो, तेव्हाही पाळला. ठरवले, तेरावे होऊ दे. मग ताईंना विचारून रीतसर न्यायची. नियमाने वागलो, दिगंबर. तू माझ्या जागी असतास तर पहिल्याच दिवशी खिशात घातली असतीस आणि पुढचे सगळे टळले असते. तुझ्या बेशिस्तीचा मला हेवा वाटण्याचा हा एकच प्रसंग. पुन्हा वाटू नये.

तेराव्यानंतर कापडी पिशवी आणि धुतलेला पंचा घेऊन गेलो. ताईंनी दारातच हात धरला.

"या भाऊ. आधी आत या, बघा तरी!"

कपाट सताड उघडे होते. आत दिवा लावला होता. पहिल्या क्षणी मला काही कळलेच नाही. पितळेवर पितळ चमकत होते. कोण कुठे आहे, ते ओळखता येईना.

"तुम्हीच म्हणायचात ना, देव लख्ख हवेत? दिगूला सांगून सांगून थकलात बिचारे. आज बघा!"

"हो," मी म्हणालो.

"जन्मभर हात लावू दिला नाही हो त्यानं. ताई, लांब हो. ताई, फडकं खाली ठेव. जशी काही मी परक्या घरातली. आता लावला. म्हटलं, गेला तो गेला, निदान त्याचे देव तरी पारोसे नकोत राहायला."

त्यांनी हात पुढे केले. बोटांची टोके सोलली होती. चिंच आणि रांगोळी या वयात कातडीला काय करते ते दिसत होते. माणसाने भावासाठी यापेक्षा अधिक काय करावे?

"ही अन्नपूर्णा," मी विचारले. "हिला..."

"हिनंच तर पाणी पाजलं मला! केवढं चिकटलं होतं कुंकू, दगडासारखं. ब्रशला दाद देईना. शेवटी सुई घेतली आणि कोरून कोरून काढलं. गळ्यातलं, बोटांतलं. त्या पळीत तर बघा, आरसा झालाय."

मी पळीत पाहिले. आरसा झाला होता.

"श्रम झाले तुम्हाला," मी म्हणालो.

तेवढ्यात जनाबाई आली. तिची आठवण करून द्यायला नको तुला. तुझ्याशी भावाची घासाघीस करून शेवटी एक पापलेट फुकट टाकून जायची. सासऱ्याचा खंडोबा तिने तुझ्याकडे आणून दिला तेव्हा मी होतो. पोराने नवे घर बांधले, त्यात जुना देव नको म्हणाला. आणि तिला तो समुद्रात सोडवेना. "पान्यात सोरायला जीव व्हत नाय, मास्तर," म्हणाली होती. त्यानंतर बोळिंजला मासळी घेऊन आली की टोपली खाली ठेवून, हात धुऊन, देवाला बघून जायची. आज टोपली नव्हती, झेंडूची फुले होती. कपाटासमोर उभी राहिली आणि तिने गालावर हात मारला.

"अगो बाय! ह्यो माजा मल्हारी? सोन्याचा केलाव काय त्याला?"

"घासला नुसता," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुलला होता.

"मास्तरांना किती येला बोलली, देवाला आंघोल घाला, काला कोलसा झालाय. ते नुसतं हसायचं. आता कसा लगनातल्या नवऱ्यावानी दिसतंय! नाय काय हो, सायब?"

मी मान हलवली.

त्या दोघी डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. खोलीत मनापासून समाधानी अशी दोन माणसे होती. तिसरा तो, जो इतकी वर्षे नेमके हेच मागत आला होता.

मी बाळकृष्ण उचलून खिडकीपाशी नेला. तू धरायचास तसाच तिरपा धरला. थोडा इकडे वळवला, थोडा तिकडे. उजेड त्याच्यावर ठरेना. गालावर खिडकीचे गज उमटले. मूर्ती हलवावी तसे गज हलले, बाकी काही आले नाही. आणखी जवळ धरला तर माझेच तोंड दिसले, बारीक आणि वाकडे. हसू कुठे गेले ते मी शोधत राहिलो. ताई मागून म्हणाल्या, "काय बघताय? डाग राहिला का कुठे?"

डाग राहिला नव्हता.

आता माझे गाऱ्हाणे ऐक. दोष तुझा आहे.

मला तू किती वेळा सांगितलेस याची मोजदाद नाही. पितळ कसे मुरते, काळा रंग म्हणजे मळ कसा नव्हे, चेहरा सावलीत कसा राहतो. मी ऐकणार नाही हे ठाऊक असून सांगितलेस. शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगितलेस. वाण्याला, रिक्षावाल्याला, दाराशी आलेल्या पेपरवाल्याला सांगितलेस. आणि जी तुझ्या घरात राहत होती, तुझे कपडे धूत होती, जिच्या हातात उद्या चिंच येणार हे आंधळ्यालाही दिसले असते, तिला काय सांगितलेस? "ताई, लांब हो." का लांब व्हायचे ते एकदाही सांगितले नाहीस. ती अन्नपूर्णा कुणाची आणि ते कुंकू कुणाचे, हेही नाही. तुला वाटले असेल, तिला काय कळणार. किंवा वाटले असेल, आपण आहोतच. त्या दोन हातांना तुझा कुंचला शिकवता आला असता, दिगंबर. त्या हातांनी चार तास सुई चालवली. रिठ्याचे पाणी त्यांना जमले नसते काय? तू चित्रे काढायला शिकवलेस गावच्या पोरांना. घरातल्या माणसाला फक्त अडवलेस.

जपलेस तू, हे खरे. पण जपण्यातही तू कुणाला वाटेकरी केले नाहीस. म्हणून ते तुझ्याबरोबर गेले.

"ही मी नेतो," मी ताईंना म्हणालो. "ही आमची आहे."

"वहिनींची?" त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई, हा बोलला नाही कधी! मग तर माझ्या हातांचं सार्थकच झालं हो." आणि त्या लगेच करंडा आणायला वळल्या. "थांबा, कोरड्या कपाळानं नका नेऊ. मी लावते."

"राहू द्या," मी म्हणालो. "घरी लावीन."

माझा स्वर चढला असावा. त्या थबकल्या. मग हळूच म्हणाल्या, "चुकलं का काही माझं?"

या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याचा अधिकार तुझा होता. तू नव्हतास. मी म्हणालो, "नाही. उत्तम झालेत देव." मी वजनमापे खात्यातला माणूस, खोटे वजन आयुष्यात कधी पास केले नाही. हे केले. तेही तुझ्याच नावावर मांड.

निघताना पाहिले. खुर्ची भिंतीला लावलेली होती. घर धुताना सरकवली असेल. ती कुणी जागेवर आणली नाही.

घरी आल्यावर वाटीत तांदूळ घातले आणि तिला बसवले. परक्या घरातली कुणी पाहुणी आल्यासारखे वाटले. तोंड तेच, पण ओळख देत नव्हती. माझ्या पत्नीचा करंडा होता तिथेच होता. आमच्या घरात देवीला कुंकू बायकांनी लावायचे, अशी पद्धत. माझ्या हाताने ते कधी लागले नव्हते. अनामिका बुडवली. हात थरथरतो, हे तुला माहीत आहे; म्हणून तू माझा कप अर्धाच भरायचास आणि कारण विचारले तर दूध कमी होते म्हणायचास. कुंकू कपाळावर कमी पडले आणि बाकी सगळीकडे जास्त. नाकावरून घरंगळले, गळ्यात गेले, थोडे पळीत पडले.

सवयीने फडके उचलले. मग त्याची घडी करून परत ठेवले.

उद्या यावरच पुन्हा लावीन. तू जिंकलास असे मात्र समजू नकोस. बाळकृष्णाच्या त्या नाकाचे उत्तर तू अजून दिलेले नाहीस.